डुक्कर फियाटची मागची सीट

एप्रिलमध्ये वर्ध्याकडं फिरकू नये, असं मला वर्ध्याच्याच माणसांनी बजावलं होतं. तरी मी गेले, आणि परत आल्यावर आठवडाभर कुणाशी धड बोलले नाही. दवाखान्यातली नर्स म्हणाली, "मॅडमना ऊन बाधलं." ऊन बाधलं हे खरं, पण नुसतं ऊन नव्हतं ते. म्हणून लिहून काढतेय. तुमच्यापैकी बहुतेकांनी वर्धा म्हणजे आगगाडीच्या खिडकीतून दिसलेलं एक स्टेशन एवढंच पाहिलं असणार. माझंही या एप्रिलपर्यंत तेवढंच होतं.

मी कोल्हापुरात दातांची डॉक्टर आहे आणि सुट्टीच्या दिवशी जुन्या गाड्या नीट करते. नवरा म्हणतो, "सहा दिवस दातांचे खड्डे भरतेस, सातव्या दिवशी पत्र्याचे. कंटाळा कसा येत नाही गं तुला?" नाही येत. पत्रा हूं की चूं करत नाही, आणि 'डॉक्टर, अजून किती वेळ?' असं तर मुळीच विचारत नाही. या नादापायी मी वेड्यासारखी हिंडलेय. कुठं दिव्याची कडी मिळते म्हणून जायचं, कुठं दाराची मूठ मिळते म्हणून. हे वेड ज्याला नाही त्याला समजावून सांगण्यात अर्थ नाही, आणि ज्याला आहे त्याला सांगावं लागत नाही.

प्रल्हादभाऊंना ते होतं. जुन्या फियाटवाल्यांचा आमचा एक व्हॉट्सअॅप ग्रुप आहे, तिथली ओळख. आयटीआयमध्ये वेल्डिंग शिकवून निवृत्त झालेले, राहणार देवळी. अकरा वर्षं ते एकाच गाडीच्या मागं लागलेले. डुक्कर फियाट. पुढून नाक काढल्यासारखी दिसते म्हणून आपल्याकडं हिला डुक्कर म्हणतात, आणि तिच्यावर जीव टाकणारी माणसंसुद्धा हेच नाव लाडानं घेतात. आम्ही कधी भेटलो नव्हतो. मार्चच्या शेवटी त्यांचा फोन आला.

"ताई, गाडी होऊन गेली. डिकीचा पत्रा तेवढा राह्यला. वेल्डिंग मी करतो, पन पत्रा सरळ कराले माहा हात नाई. तुम्ही येता का?"

"दिवाळीत येते की."

 भाऊ म्हणाले, "दिवाळी कुसुमले नाई दिसत, ताई."

कुसुम म्हणजे त्यांची बायको. मी हातोड्या पिशवीत भरल्या आणि तिकीट काढलं.

देवळी

प्रवासाचं रडगाणं गात नाही. वर्ध्याला उतरले तेव्हा सकाळ होती आणि फलाट आधीच तापलेला होता. प्रल्हादभाऊ न्यायला आले होते. उंच, वाळकी मूर्ती, डोक्याला पांढरा दुपट्टा गुंडाळलेला. माझी पिशवी उचलली आणि दचकले. "बाप्पा! लोखंड आनलं का काय?" "मग काय पापड आणू?" म्हटलं. त्यावर ते हसले. पुढच्या पाच दिवसांत त्यांना हसताना मी फारसं पाहिलं नाही.

स्टेशनबाहेर त्यांनी तर्री पोहे खायला घातले. आमच्याकडं पोह्यावर खोबरं आणि कोथिंबीर. इथं पोह्यावर चक्क हरभऱ्याचा लालभडक रस्सा ओततात आणि लोक सकाळी सातला घाम पुसत खातात. कोल्हापूरच्या माणसाला तिखटाचं कौतुक कुणी सांगू नये, पण खरं सांगते, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी ते उन्हाच्या नावावर खपवलं.

देवळीचा रस्ता सपाट. दोन्ही बाजूंना नांगरून टाकलेली काळी जमीन, भेगाळलेली. बांधावर वाळल्या पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या काड्यांच्या, गंज्या. आमच्याकडं एप्रिलमध्ये ऊस उभा असतो, पाटाला पाणी असतं. त्यामुळं इतकं उघडं रान बघायची डोळ्यांना सवय नाही. रिक्षावाला मात्र मजेत गाणं म्हणत होता. त्याच्यासाठी तो नेहमीचाच एप्रिल होता.

घराशेजारी टिनाचं शेड, आणि शेडात ती. मी चप्पल काढायची विसरून आधी तिच्याकडंच गेले. गडद निळा रंग, मूळचा तोच, दाराच्या बिजागरीखाली सापडलेल्या थरावरून जुळवलेला. काचांची रबरं, खिडकीच्या मुठी, घड्याळ, सगळं जिथल्या तिथं. फक्त डिकी नागडी होती, रंग काढलेला तपकिरी पत्रा. आणि आतल्या सीटा! लाल रेक्झिन, पांढरा गोट, एक टाका वाकडा नाही.

"कोणी शिवल्या हो?"

"मी शिवल्या," आतून आवाज आला. "अन् आधी पाय धुवा डाक्टरीनबाई, मंग गाडीले हात लावा."

कुसुमवहिनी ओसरीवर कूलरसमोर खाटेवर पडल्या होत्या. हातपाय काडीसारखे आणि पोट फुगलेलं. डोळे हळदीसारखे पिवळे. दातांची असले तरी डॉक्टर आहे मी, एवढं कळतं. यकृताचा कॅन्सर, आणि मोठ्या दवाखान्यानं 'घरी न्या' म्हणून सांगितलेलं. जीभ मात्र चांगली शाबूत होती.

"भल्ल्या धाकट्या दिसता हो," माझ्याकडं बघून म्हणाल्या. "मले वाटलं डाक्टरीन म्हनजे चांगली धिप्पाड असंन. तुमच्यानं हातोडी उचलते का?"

"तुमचे दात काढून दाखवू का, म्हणजे कळेल?"

"काढा न. आता कायले ठेवता?" आणि खुदकन हसल्या.

जेवायला गोळाभात होता. डाळीचे वाफवलेले गोळे भातावर कुस्करायचे आणि वरून हिंगाचं कडकडीत तेल. शेजारच्या बाईनं रांधलेला, पण खाटेवरून हुकूम वहिनींचे चाललेले. "तेल अजून टाक वं. पाहुनी कोल्हापूरची होय, तिले सुकं नको देऊ." स्वतः त्यांनी दोन चमचे वरणाचं पाणी घेतलं आणि तेही ठरलं नाही.

दुपारी, बाहेर चिटपाखरू नव्हतं तेव्हा, त्यांनी मला गाडीची गोष्ट सांगितली. प्रल्हादभाऊंनी फोनवर कधी हे सांगितलं नव्हतं.

ही गाडी अल्लीपूरच्या मालगुजाराची, म्हणजे इकडच्या जमीनदाराची. मालगुजारी कायद्यानं कधीच गेली होती, पण गावात माणूस मालगुजारच. आणि ती चालवायला होते वहिनींचे वडील. बौद्ध वस्तीतला माणूस मालगुजाराची गाडी चालवतो म्हणजे त्या काळी केवढी गोष्ट. पण चालवायची तेवढीच. बाप पुढं बसला तरी घरच्यांनी गाडीत पाय टाकायचा नाही, हा नियम.

"थंडीत गाडी सुरू नाई व्हाची," वहिनी म्हणाल्या. "मंग बाबा आमाले आवाज द्याचे. मी, माही बहीन शांता, अन् एक दोन गडी. शाळेत जाच्या आधी रोज धक्का. मालगुजारीनबाई आत बसल्या राह्याच्या, शाल घेऊन. गाडी सुरू झाली का भुर्रकन निंगून जाये, अन् आमी दोघी धुरात उभ्या. एक डाव शांतानं दार उघडून सीटवर हात ठेवला. नुसता हात, हो. त्या बाईनं बाबाले समोर उभं करून सीट धुवाले लावली."

कूलर घरघरत होता.

"अकरा वर्षांमागं ह्यायले हिंगनघाटच्या कबाड्यापाशी सांगाडा भेटला. मी नंबर वाचला अन् खालीच बसली. हे म्हने घेऊनच टाकू. सारी सीट मी शिवली, पन बसली नाई अजून. बसंन तं अल्लीपूरच्याच रस्त्यानं बसंन. मागच्या सीटवर बसाचं, मालगुजाराच्या दारापुढून जाचं. उतराचं नाई, कोनाशी बोलाचं नाई. नुसतं जाचं."

"शांताताई कुठं असतात आता?"

"थे गेली. सहा वर्षं झाले." मग कूस बदलून म्हणाल्या, "तुमचा पत्रा कधी होते?"

म्हणजे हे असं होतं. बाई किती दिवसांची ते मला दिसत होतं, आणि तिच्या आणि अल्लीपूरच्या मधे माझा पत्रा होता.

डिकी

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनींच्या पोटात पाणी साचून श्वास लागायला लागला. ते काढायला त्यांना वर्ध्याला न्यावं लागणार होतं. रिक्षा दारात आली. दोघंही जाणार. निघताना प्रल्हादभाऊ मला म्हणाले, "ताई, तुमचं तुम्ही पाहून घेजा. संध्याकाळलोक येतो." वहिनींनी रिक्षातून मान वळवून शेडाकडं पाहिलं. मला वाटलं, गाडी बघतायत.

मी कामाला लागले. ज्यांनी हे कधी केलं नाही त्यांच्यासाठी सांगते: पत्र्यातला उथळ खड्डा डोळ्यांना दिसत नाही, तळव्याला लागतो. हाताखाली मऊ फडकं घ्यायचं, डोळे मिटायचे आणि पत्र्यावरून हात फिरवत जायचं. जिथं हात हलकेच उतरतो तिथं खडूनं गोल करायचा. मग मागून लोखंडाचा ठोकळा धरायचा आणि पुढून हातोडी मारायची. जोरानं नाही, बोटानं टिचकी मारावी तशी. घाई केली तर पत्रा ताणला जातो आणि मग तो आयुष्यभर डबडब वाजतो.

डिकीवर चार गोल झाले. दोन इकडं, दोन तिकडं, खालच्या कडेपासून वीतभर वर. एक बाकीच्यांपेक्षा खोल. मी फोनवर फोटो काढला, ती आमची रीतच आहे, कामाआधी एक आणि कामानंतर एक. आणि मनात म्हटलं, काय बाई लोक असतात, गोठ्यात ठेवली तेव्हा गाईंनी शिंगं घासली असतील. बस्स. डोक्यात एवढाच उजेड पडला. आदल्या दुपारी सगळी कहाणी ऐकूनसुद्धा! आमच्या नादात खड्डा हा खड्डा असतो. तो कुणाचा, कशाचा, हे विचारायची पद्धतच नाही. दिसला की काढायचा.

ऊन असं होतं की हातोडीचा दांडा धरवत नव्हता. शेजारीण ओले पंचे आणून देत होती आणि प्रत्येक वेळी सांगत होती, "झाली का गाडी, आधी केळझरले नेजा. आमच्याइकडे नवी गाडी गनपतीले दाखवल्याबिगर कोनी रस्त्यावर नाई काढत." मी हो हो म्हणत होते. चार वाजेतो चारही खड्डे उठवले. सांगते तुम्हाला, माझ्या हातचं इतकं स्वच्छ काम आजवर झालं नव्हतं. पुट्टीसुद्धा नावाला लागली. प्रायमर मारला आणि तळवा फिरवून पाहिला. काचेसारखा सपाट पत्रा. मी एकटीच शेडात 'नादखुळा!' म्हणून ओरडले.

ते दोघं दिवेलागणीला आले. पाणी काढल्यामुळं वहिनींना जरा चालता येत होतं. घरात न जाता भिंतीला धरत धरत त्या शेडात आल्या. डिकीपाशी उभ्या राहिल्या आणि हात फिरवला. एकदा इकडून, एकदा तिकडून.

"सपाट झालं."

"मग! आता इथं काही होतं हे कुणाच्या बापाला कळणार नाही, वहिनी."

"नाई कळत," त्या म्हणाल्या. "छान केलं." आणि आत जाऊन भिंतीकडं तोंड करून पडल्या. रात्री काही घेतलं नाही. मला वाटलं, सुयांचा त्रास.

पुढचे दोन दिवस रंगात आणि वाळवण्यात गेले. रंग प्रल्हादभाऊंनी मारला. मारता मारता मधेच गन खाली ठेवून ते घरात डोकावून यायचे. त्यांना मी एकदा म्हटलं, "भाऊ, तशीच नेऊ या का, बिनरंगाची? दिवस कशाला घालवायचा?"

ते कळवळून म्हणाले, "मी तेच म्हनलं ताई. तिनंच नाई म्हनलं. म्हने, अर्धी नागडी गाडी घेऊन जाऊ का त्यायच्या दारी?"

अल्लीपूर

पहाटे निघायचं ठरलं होतं, आणि निघालो नऊला. वहिनींना सारख्या वांत्या होत होत्या. घरातल्या तसबिरीपुढं दोघांनी हात जोडून त्रिशरण म्हटलं. वहिनींचा आवाज निम्म्यातच बसला, मग भाऊंनी एकट्यानं पुरं केलं. दाराबाहेर शेजारीण लिंबू घेऊन हजर. ते चाकाखाली ठेवायचं होतं.

"आमच्याइथं नाई चालत ते," भाऊ तोडून बोलले.

"राहू द्या न," वहिनी म्हणाल्या. "आन वं इकडे. मले वास घ्याले होते." आणि लिंबू नाकाशी धरून त्या मागच्या सीटवर बसल्या.

बसल्या, म्हणजे कशा? आधी सीटवर तळहात टेकवला. थांबल्या. मग कडेला बसल्या, मग सरकत सरकत मधोमध. पाय जुळवले, निळ्या लुगड्याचा पदर दोन्ही खांद्यांवरून घेतला. आरशातून भाऊ बघत होते आणि किल्ली फिरवायचं विसरले होते.

"काऊन थांबले? ड्रायव्हर!" वहिनी म्हणाल्या.

मी पुढं, भाऊंच्या शेजारी. रस्ता आतला, गावागावांतून जाणारा. गाडी गुरगुरत छान चालली होती. पळस संपत आलेला, कुठं कुठं झाडाखाली लाल सडा. वहिनी डावीकडं बघत नव्हत्या, उजवीकडं बघत नव्हत्या. ताठ बसून समोर बघत होत्या. मालगुजारीणबाई तशा बसत असणार. निम्म्या वाटेत गाडी एकदा मेली. ही या गाडीची उन्हाळी खोड आहे. इंजिनावरचा पेट्रोलचा छोटा पंप तापतो, पेट्रोलची वाफ होते आणि इंजिन उपाशी मरतं. उपाय एकच, पंपावर ओलं फडकं. भाऊ पाणी शोधायला लागले, तर वहिनींनी स्वतःच्या कपाळावरची ओली घडी काढून पुढं केली.

"हे लावा त्याले. माह्यापेक्षा त्याले ताप जास्त हाय."

भाऊंनी ती घेतली आणि बॉनेटखाली वाकले ते बराच वेळ वर आले नाहीत. मी काही बघितलं नाही असं दाखवलं.

अकराच्या सुमारास अल्लीपूर आलं. मोठं गाव. कृषी केंद्रं, मोबाईलची दुकानं, थंड पाण्याच्या बाटल्यांच्या चवडी, उन्हानं निम्मी दुकानं अर्धी मिटलेली. सांगायला लाज वाटते, पण माझ्या डोळ्यांपुढं चित्र तयार होतं. लोक वळून बघतील, कुणी म्हातारा उठून उभा राहील, 'अरे ही तर त्या ड्रायव्हरची पोरगी!' असं होईल.

कुणीही बघितलं नाही. म्हणजे बघितलं, पण गाडीकडं. पानठेल्यावरच्या एकानं हात केला. "काका, किती अॅव्हरेज देते?" दुसऱ्यानं विचारलं, लग्नाला भाड्यानं देता का. भाऊंनी गाडी हळू केली. देवळाच्या पारावर एक पांढऱ्या मिशांचे आजोबा बसले होते. ठरलं होतं कोणाशी बोलायचं नाही, पण वहिनींनीच काच खाली केली.

"बाबाजी, गाडी वळखली का? मालगुजाराची होय."

"कोनचे मालगुजार?" आजोबा कानाशी हात नेऊन म्हणाले. "थे तं कधीचेच नागपूरले गेले, माय. इकून टाकलं सारं. आता तिथं लॉन हाय."

लॉन म्हणजे या भागात लग्नाचं मैदान. आम्ही वळलो तर खरंच. जिथं वाडा होता म्हणून वहिनींनी बोट दाखवलं तिथं लांबच लांब पत्र्याचं कुंपण होतं, प्लास्टिकच्या फुलांची कमान होती आणि मागच्या लग्नाची फाटकी झालर लटकत होती. फाटकाला कुलूप. आत एक कुत्रं.

आणि नेमकं तिथंच, कमानीच्या अलीकडं, गाडी पुन्हा मेली.

फडकं ओलं केलं, ठेवलं, थांबलो. भाऊंनी सेल्फ मारला. मारत राहिले. बॅटरी बसली आणि सेल्फनंही मान टाकली. भाऊ घामानं निथळत होते. "थांब कुसुम, होते, आत्ता होते," असं पुटपुटत होते. मी म्हटलं, धक्का मारू, आणि खाली उतरून पानठेल्यावाल्यांना हाक दिली.

तेवढ्यात माझ्या मागं दार वाजलं.

कुसुमवहिनी खाली उतरल्या होत्या. कुणी सांगितलं नव्हतं. इंजिन मेलं, सेल्फ घुरघुरला, आणि बाईंचं अंग आपोआप उठलं होतं. गाडीला धरत धरत त्या मागं गेल्या, पदर खोचला आणि डिकीला दोन्ही तळवे लावून उभ्या राहिल्या.

"अवो, काय करता! बसा आत!" मी ओरडले. भाऊ पुढून ओरडले. त्यांना काही ऐकू येत नव्हतं. त्यांचे तळवे नव्या कोऱ्या रंगावरून सरकत होते. वर, खाली, बाजूला. त्या काहीतरी शोधत होत्या आणि ते त्यांना सापडत नव्हतं.

"इथं होता," त्या म्हणाल्या. "हा माहा. इथं दोन हात माहे, अन् थे तिकडचे शांताचे. थे डावरी होती न. तिचा डावा खोल गेलता."

चार गोल. दोन इकडं, दोन तिकडं, लहान पोरींच्या छातीएवढ्या उंचीवर. वर्षानुवर्षं रोज सकाळी त्याच जागी तेच तळवे दाबून पत्रा बसला होता. अकरा वर्षं त्या घरात ती खूण होती, नवऱ्यालाही ठाऊक नसलेली. शांताताई जाऊन सहा वर्षं झाली आणि जगात तिच्या हाताचा ठसा असलेली ती एकच वस्तू होती. मी ती एका दिवसात ठोकून सपाट केली होती. आणि वर म्हटलं होतं, कुणाच्या बापाला कळणार नाही.

"वहिनी, बोलला का नाहीत हो?" मी म्हटलं. "त्या दिवशी निघताना का नाही सांगितलंत?"

"सांगाचंच होतं. रिक्षात बसल्यावर आठोलं, अन् दम नाई निंगाला." त्यांनी डिकीवर गाल टेकला. "मंग झाल्यावर काय बोलू? येवढ्या दुरून आल्या तुम्ही. दिवसभर उन्हात ठोकलं. अन् सरळ, सुदं तं दिसून राह्यलं न."

पानठेल्यावरचे तिघं चौघं आले. "मावशी, सरका तुम्ही, आम्ही मारतो." त्या सरकल्या नाहीत. सगळ्यांनी मिळून धक्का दिला. कमानीपुढून, फाटकापुढून, कुंपणाच्या कडेनं, वहिनी डिकीला हात लावून चार पावलं चालल्या. मग गाडीनं उचकी दिली, धूर सोडला आणि सुरू झाली. अशी सुरू झालेली गाडी थांबवायची नसते, पुन्हा मेली तर पंचाईत. भाऊंनी थांबवली नाही. निळी फियाट, लाल रिकामी सीट मागच्या काचेतून दिसते आहे, अशी भुर्रकन निघून गेली. आणि धुरात उभ्या आम्ही दोघी.

वहिनी हसल्या. खरंच हसल्या, पोटाला धरून.

"असंच होत होतं," म्हणाल्या, आणि माझ्या खांद्यावर वाकून ओकल्या.

भाऊ गावाबाहेरून वळून आले, गाडी चालू ठेवूनच. आम्ही दोघांनी मिळून वहिनींना मागच्या सीटवर आडवं केलं. भाऊंनी विचारलं, "कुसुम, पुन्हा एक चक्कर मारू? बसून. मी हळू नेतो त्याच्या दारापुढून. आता नाई मरत गाडी."

"कोनाले दाखवू?" त्या डोळे मिटून म्हणाल्या. "घरी चाला."

कोल्हापूर

माझ्या परतीच्या दिवशी त्या जाग्या होत्या. पाया पडले तर म्हणाल्या, "येजा पुन्हा. गोळाभात मी करंन." दोघींनाही माहीत होतं ते खोटं आहे. लिंबू अजून उशाशी होतं, सुरकुतलेलं.

त्या मेच्या पहिल्या आठवड्यात गेल्या. प्रल्हादभाऊंनी ग्रुपवर काही लिहिलं नाही, मला फोन केला. रडले नाहीत. कोण कोण आलं ते सांगितलं, विहारात पुण्यानुमोदन झालं ते सांगितलं. ग्रुपवर सगळे अजून विचारतात, भाऊ गाडी कशी चालतेय, फोटो टाका. डिकीचं काम कुणाचं, एकदम कंपनीसारखं आहे, असंही एकानं लिहिलं. मी ग्रुप बघायचं सोडून दिलंय.

परवा त्यांचा पुन्हा फोन आला. इकडचं तिकडचं बोलले, ऊन उतरलं म्हणाले. मग म्हणाले, "ताई, एक विचारू का? ते खड्डे पुन्हा पाडता येतीन का?"

पत्रा आहे तो, खड्डा पाडायला काय लागतं? दोन मिनिटांचं काम. पण ते मला बोलवेना. मी म्हटलं, माझ्याकडं कामाआधीचा फोटो आहे, खडूचे गोल त्यात दिसतात, जागा कळेल. येते मी, तुम्ही म्हणाल तेव्हा येते. फोटो तिथल्या तिथं पाठवला.

संध्याकाळी त्यांनी पुन्हा फोन लावला. फोटो बघून त्यांनी निळ्या रंगावर खडूनं चारही गोल काढले होते.

"जागा बरोबर हाय ताई," ते म्हणाले. "किती खोल ते पाहाले मी हात ठेवून पाह्यला. पन माहा हात मोठा पडते."